पालीला विचारा

मी पाल बोलतेय. किंचाळू नका, अंगावर पडणार नाही. तुमच्यातल्या थोर मंडळींनी मला पहिलं बक्षीस दिलंय, तेव्हा जरा मान राखून ऐका.

माझा जन्म या प्रदर्शनाच्या दालनातच, विजेच्या मीटरमागच्या फटीत झाला. आई अंडी घालून गेली ती गेलीच. आमच्यात कोडकौतुक नसतं. दिव्यांपाशी किडे मुबलक, त्यामुळे पोटाची ददात नव्हती. भीती एकच, सफाईवाल्या मावशींच्या झाडूची. मावशींचं मन चांगलं आहे. दुर्दैवाने नेमही चांगला आहे.

गेल्या पंधरवड्यात इथे वन्यजीव छायाचित्रांची स्पर्धा भरली. आधी फोटो टांगायचे, मग परीक्षकांनी दोरीच्या अलीकडून, हात मागे बांधून निकाल लावायचा, अशी इथली रीत. काचेला कोणीही हात लावायचा नाही, मावशींनी फडकंसुद्धा नाही. मला एवढंच कळलं की झाडू भिंतभर फिरतो आणि काच आली की थांबतो. मी काचेवर बिऱ्हाड हलवलं.

माझ्या वाट्याला आलेला फोटो वाळूच्या ओक्याबोक्या टेकडीचा होता. छायाचित्रकार तिथे कोल्ह्यासाठी अकरा दिवस बसला होता. कोल्हा फिरकला नाही, म्हणून वैतागून त्याने नुसती टेकडी पाठवली. फोटो टांगताना त्यानेच हे मावशींना सांगितलं.

मुख्य परीक्षक चष्मा कपाळावर चढवून बघतात. माझ्यासमोर ते अर्धा तास उभे राहिले. मग बाकीच्यांना म्हणाले, "त्या शेपटीचा बाक बघा. सगळं वाळवंट तिने पेललंय."

निकालाच्या दिवशी छायाचित्रकाराने मला पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले. परीक्षकांनी विचारलं, किती दिवस वाट पाहिलीत? तो म्हणाला, "अकरा." खोटं नव्हतं. कोणाची, ते मात्र त्याने सांगितलं नाही.

पुढचे चार दिवस मी कलाकृती होते. दिवसभर माणसं, रात्री दिवे बंद म्हणजे किडेही बंद. लोक घरच्या पालींना हाकलून इथे तिकीट काढून मला बघायला येत होते, आणि मी उपाशी.

पाचव्या दिवशी वीतभर अंतरावर, भिंतीवर एक पतंग बसला. मी काच सोडली.

"पाल!" सगळ्यांत आधी मागे उडी मारली ती मुख्य परीक्षकांनी. मावशींना बोलावणं गेलं. त्यांनी एकदा मला पाहिलं, एकदा रिकाम्या टेकडीकडे. म्हणाल्या, "साहेब, हीच तुमची पहिली आलेली."

"ती फोटोतली," साहेब म्हणाले. "ही पाल आहे. मारा."

मावशींचा नेम त्या दिवशी पहिल्यांदा चुकला. का, ते मला ठाऊक आहे. शेपटी तेवढी गेली, मी पुन्हा काचेवर. खाली शेपटी वळवळत होती. तिचा बाक मात्र कोणी पाहिला नाही.

संध्याकाळी परीक्षकांना दिसलं की बक्षीसपात्र फोटोत शेपटीच नाही. तातडीची बैठक बसली. कलाकृतीची मोडतोड झाली, झाडू कोणाच्या हातात होता, याचा लेखी खुलासा मावशींकडे मागितला. नोकरीवर बेतलं. छायाचित्रकार स्वतःच्या बुटांकडे बघत उभा राहिला.

मावशींनी कागदावर दोनच शब्द लिहिले: पालीला विचारा.

म्हणून बोलतेय. मावशींनी फोटोला हात लावलेला नाही. शेपटी माझी, ती मीच सोडली, आणि महिनाभरात नवी येईल. ज्याने नुसत्या टेकडीच्या फोटोवर बक्षीस घेतलं, त्याने तोंड उघडावं.

उद्या फोटो उतरतील आणि मी पुन्हा नुसत्या भिंतीवर येईन. कदाचित तुमच्याच घराच्या. झाडू उचलण्याआधी एवढंच करा, दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून तिच्यातून मला बघा. मग हात मोकळे राहिले, तर खुशाल मारा.