ताईंच्या टेबलावरचा काळा फोन

मी एक जुना काळा टेलिफोन आहे, मित्रांनो. माझी तबकडी फिरता फिरता अडकते आणि रिसीव्हरला चीर गेली आहे. पण सांगायचं आहे ते ताईंबद्दल.

कारखान्यात जनसंपर्क अधिकारी म्हणून बाई नेमली गेली ती प्रथमच, आणि त्या म्हणजे ताई. जिन्याखालच्या खोलीत त्यांचं टेबल लागलं आणि टेबलावर मी. बाईचा आवाज ऐकला की समोरचा माणूस साहेबांना द्या म्हणायचा. ताई शांतपणे सांगायच्या, "साहेब मीच. बोला."

हळूहळू वार्ताहरांना त्यांची सवय झाली. ताईंनी सांगितलं म्हणजे ते खरं, असं सगळे मानू लागले. मी दिवसभर खणखणत असे. मला पुसणारे शिपाईकाका म्हणायचे, ताईंच्या नादाने हा फोनही बोलका झालाय.

मग एका सकाळी बॉयलर फुटला. तीन कामगार जागीच गेले. मालक स्वतः खोलीत आले आणि किरकोळ अपघात झाला, कुणी दगावलं नाही, एवढंच सांगायचं, असं बजावून उभे राहिले. ताईंनी मला उचललं. त्यांनी आधी गेलेल्यांच्या घराशेजारच्या दुकानांत फोन लावून घरच्यांना बोलावून घेतलं. एका बाईचा हंबरडा माझ्या तारेतून आला, तो अजून माझ्या कानात आहे. त्यानंतर ताईंनी वर्तमानपत्रांना खरं ते सांगितलं.

"पगार कुणाचा खाता?" मालकांनी विचारलं.

"तुमचाच. म्हणून तर तुमचं नाव खोट्यात जाऊ दिलं नाही."

त्यांना काढलं नाही, कारण त्याचीही बातमी झाली असती. काम तेवढं काढून घेतलं. ताई रोज वेळेवर येत आणि माझ्याकडे बघत बसत. मी वाजत नसे. निवृत्तीच्या दिवशी मी भंगारात निघालो होतो. त्यांनी मला पिशवीत घालून घरी नेलं आणि घरच्या लाइनवर जोडलं.

बऱ्याच वर्षांनी कारखान्यातून फोन आला. एक तरुण मुलगी जुन्या कर्मचाऱ्यांकडे मालकांचे फोटो मागत होती. समारंभ होता म्हणे. बोलता बोलता आनंदाने म्हणाली, "आमच्या जनसंपर्क खात्यातली मी पहिली बाई. उद्या माझा सत्कार आहे."

मी कळवळलो, पण फोनला स्वतःचं बोलणं नसतं.

"शाब्बास, बाळ," ताई म्हणाल्या. "तब्येतीला जप."

रिसीव्हर ठेवल्यावरही त्यांचा हात बराच वेळ माझ्यावर होता.

त्याच हिवाळ्यात ताई गेल्या. भाचीने मला कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवलं.

मित्रांनो, मला नाही जपलंत तरी चालेल. पण उद्या कुठल्या खुर्चीवर बसाल, तेव्हा तिथे आधी कोण बसत होतं, एवढं विचारा. आणि लवकर विचारा. सांगणारं माणूस फार काळ फोनजवळ बसून राहत नाही.