शेंड्याला कात्री

मास्तरांच्या कात्रीला घरात कुणी हात लावायचा नाही, असा दंडक होता. पन्नास वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. लोंबतं दिसलं की काप, वाढीव दिसलं की छाट, हा हाताचा खाक्या. खिडकीशी मशीन, खिडकीच्या वर रिळांची फळी, आणि फळीखाली कुंडीत बायकोचं संत्र्याचं झाड.

नऊ वर्षांपूर्वी तिनं एका गोड संत्र्याच्या पाच बिया ओल्या चिंधीत गुंडाळून ठेवल्या होत्या. एक रुजली. पाच वर्षांत झाड वरच्या फळीला टेकलं, पण फूल काही दिसेना. तेव्हा मास्तर भर गिऱ्हाइकांत बोलून गेले, "हिच्या हाताला गुणच नाही." गिऱ्हाइकं हसली, तीही हसली. त्या दिवसापासून तिनं मातीत एक दाणा म्हणून टाकला नाही. उरलेल्या कुंड्या पालथ्या पडल्या. मास्तरांच्या हे लक्षातही आलं नाही. जिभेला हाड नसलं की असंच होतं.

आज सकाळी ती म्हणाली, "अहो, दुपारी कचऱ्याची गाडी येईल, तिच्यात हे झाड देऊन टाका."

"अगं, नऊ वर्षं सांभाळलंस की!"

"काटे तेवढे येतात. पडदा फाटला. नाही माझ्या हाताला गुण, तर नाही."

मास्तरांच्या हातातली सुई थांबली. ती आत भांडी घासायला निघून गेली.

तेवढ्यात रोपवाटिकेचा माळी पँट आखूड करायला घेऊन आला. झाडाजवळ जाऊन त्यानं शेंडा निरखला.

"मास्तर, याला कापतं कोण?"

"मीच! दर वर्षी," मास्तर कौतुकानं म्हणाले. "फळीला टेकलं की सरळ रेषेत. शिवण कशी सफाईदार हवी."

माळ्यानं कपाळाला हात लावला. "अहो, हे बीपासून वाढलेलं झाड. शेंडा वर जात जात वयात येतो, मग फूल धरतो. तुम्ही दर वर्षी त्याला परत बालवाडीत बसवताय!"

पँटचं माप देऊन माळी गेला. आतून भांड्यांचा आवाज येत होता. तिनं काही ऐकलं नव्हतं. गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? गाडी आली असती, झाड गेलं असतं, आणि दोष होता तिथंच, तिच्या हातावर राहिला असता. मास्तरांना स्वतःचीच लाज वाटली.

ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"अगं, ऐक. तुझ्या हातात काही खोट नव्हती. माझ्या कात्रीनं घात केला." आणि माळी काय म्हणाला ते त्यांनी सगळं सांगितलं. "मी तसं बोलायला नको होतं. तेही चार लोकांत."

तिनं नळ बंद केला. ओल्या हातांकडे बघितलं.

"चार वर्षं," ती म्हणाली. "चार वर्षं मी या हातांना दोष देतेय." तिचे डोळे भरले. मग पदरानं तोंड पुसून तिनं विचारलं, "आता किती वर्षं लागतील?"

"सहा... सात. माझी तर तोवर ऐंशी उलटतील."

"उलटू देत. ती फळी काढा आधी."

गाडीवाल्यानं खालून दोन हाका मारल्या, तेव्हा मास्तर स्टुलावर चढून फळीचे खिळे उपटत होते. सगळी रिळं जमिनीवर घरंगळली. कात्री त्यांनी आपण होऊन तिच्या हातात दिली, तिनं ती कपाटात कुलूपबंद केली आणि म्हणाली, "गिऱ्हाईक आलं की मागा."

जेवण झाल्यावर तिनं संत्रं सोललं. एरवी ती बिया सालीबरोबर टाकून देई. आज तिनं एकेक बी तळहातावर घेतली, धुतली आणि मशीनखालून एक चिंधी उचलून पाण्यात बुडवली.