डिस्कवरचं कुंकू

खट्. कॉम्प्युटरनं जीभ काढावी तसा ट्रे बाहेर आला आणि दुपारची शांतता मोडली. पलंगावर माझ्या लेकीनं, आचलनं कूस बदलली. मी श्वास धरून बसले. ही उठली की माझी दुपार संपली. पण नाही उठली, गुणाची माझी.

ट्रेमध्ये तीच डिस्क होती, हर्षाताईंच्या, म्हणजे माझ्या नणंदेच्या लग्नाची. आजही अर्ध्यातूनच परत आली.

बाकी सगळ्या डिस्का कॉम्प्युटरवर उतरवून झाल्या होत्या. माझे सासरे वासुदेवराव आर्वीचे शूटिंगवाले. तिथल्या आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या कितीतरी नवऱ्या त्यांच्या कॅमेऱ्याकडे बघून लाजल्या आहेत. लोकांना डीव्हीडी दिली की एक प्रत ते स्वतःकडे ठेवायचे. दुकान बंद करून आमच्याकडे पिपरी मेघेला राहायला आले तेव्हा सोबत कपड्यांची एक पिशवी आणि डिस्कांची पत्र्याची पेटी. घरातला प्लेअर केव्हाच बिघडलेला. पेटी पलंगाखाली गेली ती गेलीच.

मग मीच मनावर घेतलं. माझा नवरा धनंजय सावंगीच्या दवाखान्यात एक्स-रे काढतो. तो म्हणाला, "आताच्या लॅपटॉपमधी डिस्क टाकायले जागाच नाई व." मी पुलगावहून, माहेरून, माझा कॉलेजचा जुना कॉम्प्युटर आणवला. मोबाईलवर बघून बघून शिकले. आचल झोपली की एक डिस्क, वरणाला शिट्ट्या होईस्तोवर दुसरी. हार्ड डिस्कवर प्रत्येक लग्नाचं वेगळं फोल्डर केलं, गावाचं नाव घातलं आणि सिनेमाला पोस्टर असतं तसा वर नवरा-नवरीचा फोटो. आता हॉलमधल्या टीव्हीवर रिमोट दाबला की सगळी लग्नं ओळीनं उभी राहतात.

बाबांनी शेजारच्या गुलाबकाकांना बोलावून बोलावून ती दाखवली.

"वासुदेवराव, तुमच्या घरी तं रोजच वरात हाय बाप्पा!"

"माह्या सुनंनं बसवलं हे सारं. बाहेरचा माणूस नाई बोलावला."

"तुम्हाले येते का मग?"

"मले फक्त बटन दाबता येते."

मी आत पोळ्या लाटत ऐकत होते. त्या दिवशीची एकही पोळी वाकडी झाली नाही.

पण माझ्या मनात एकच डिस्क अडकली होती. माझ्या सासूबाई, कोकिळाबाई, मी या घरात यायच्या आधीच गेल्या. भिंतीवर त्यांचा फोटो आहे, पण आवाज आमच्याकडे नाही. नवऱ्यानं सगळ्या तालुक्याचं शूटिंग केलं आणि ही बाई कॅमेरा दिसला की दाराआड. फक्त लेकीच्या बिदाईत सापडल्या, असं बाबा सांगतात. हर्षाताईंची प्रत घर बदलताना हरवली. उरली ती ही एक. अक्षता पडेपर्यंत नीट चालायची आणि बिदाई आली की खट्.

कारण मला ठाऊक होतं. दसऱ्याला बाबांचा कॅमेरा, स्टँड पाटावर मांडून पूजा व्हायची आणि त्या वर्षीच्या नव्या डिस्कांनाही सासूबाई कुंकू लावायच्या. तेही चकाकत्या बाजूला. छापील बाजूवर नवरा-नवरीचं नाव, त्यावर बोट कसं टेकवायचं! बाबा सांगायचे म्हणून बाकी डिस्कांना भोकाजवळ नुसता ठिपका होता. तिथे काही नडत नाही. पण लेकीच्या डिस्कवर कडेला, जिथे फिल्मचा शेवट असतो नेमकं तिथेच पसरलेलं, ओलं करून लावलेलं, घट्ट वाळलेलं कुंकू होतं.

बाबा पेपर वाचत होते. मी डिस्क घेऊन गेले.

"बाबा, सगळं करून पाह्यलं. हळू वाचायले लावलं, तरी नाई होत. कुंकू पुसाच लागते."

त्यांनी चष्मा वर केला. डिस्क उन्हात तिरपी धरली. कुंकवात बोटाच्या रेषा स्पष्ट उमटलेल्या होत्या.

"मी म्हटलं होतं तिले, मधात लाव. म्हणे, पोरीच्या लग्नाले चिमूटभर कुंकू काऊन लावू?" ते जरा हसले. "बोट हाय तिचं हे."

"राहू देऊ का मग?"

"नको." त्यांनी डिस्क माझ्या हातात दिली. "पोरीनं आवाज आयकला पाह्यजे आजीचा. तूच पूस."

मी आधी मोबाईलनं फोटो काढला, अगदी जवळून, रेषान् रेष येईल असा. मग मऊ सुती कापड ओलं केलं आणि मधून कडेकडे, सरळ सरळ पुसत गेले. गोल फिरवलं तर ओरखडा पडतो, हे मी शिकलेय. कापड लाल झालं. बाबा पेपरामागे होते, पण पान काही उलटलं नाही.

ट्रे आत गेला. घरघर सुरू झाली. बिदाई आली असेल, आता खट्, आता खट्... नाही झालं. शेवटपर्यंत गेली.

त्या फिल्मचं पोस्टर म्हणून मी नवरा-नवरी नाही लावली. बोटाचा फोटो लावला.

संध्याकाळी टीव्हीवर ओळीत ते लाल बोट दिसलं आणि बाबा माझ्या डोक्यावर हात ठेवून बसले. गुलाबकाकांना आज बोलावलं नाही. धनंजयनं बटन दाबलं. हर्षाताई गाडीत बसताहेत, रडारड, आणि गर्दीतून हिरव्या शालूतली एक बाई वळते. डोळे ओले, तरी कॅमेरा दिसताच फिस्सकन हसते. तळहात पुढे येतो.

"बंद करा जी ते! माहं काऊन काढून राह्यले? बंद करा म्हणते ना!"

काय खणखणीत आवाज होता! धनंजयनं माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, हे मी आणलं या घरात. मी.

"पुन्हा लाव," बाबा म्हणाले. त्यानं लावलं. मग पुन्हा. दरवेळी त्या हसल्या, दरवेळी तळहात पुढे आला.

आचल माझ्या मांडीवर बसून टक लावून बघत होती. ती आजीकडून आजोबांकडे वळली, मग माझ्याकडे.

"आई, आजी किती वेळची बंद करा म्हणून राह्यली. मग तिचं कोणी आयकत काऊन नाई?"