चिलीम बोलली तेव्हा

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी चिलीम. मातीची, वीतभर लांब, धुरानं काळी पडलेली. तुमच्या घरात माझं नावही काढत नसतील, आणि बरंच करतात.

वडगावच्या अंबूबाई कुंभारणीनं मला घडवलं. पणत्या करून माती उरली, म्हणून मी झाले. लोणावळ्याच्या बाजारात गेणू टांगेवाल्यानं मला उचललं, तेव्हा वाटलं, चला, नशीब काढलं! गेणू म्हणजे स्टेशनाबाहेरच्या अड्ड्यावरचा एक नंबर वात्रट माणूस. झोपलेल्याच्या मिशीला गूळ लावायचा. नवखा कोणी आला, की माझ्यातल्या गांजात मिरचीचं बी टाकायचा. तो बिचारा खोकून खोकून लाल व्हायचा आणि आम्ही पोट धरून हसायचो. खरं सांगते, मला लय मजा यायची.

मग भाजे गावचा हौशीराम आला. अठरा वर्षांचा, लाजरा. बाप वारल्यावर टांगा त्याच्या हाती आला होता. त्यानं पहिला झुरका घेतला, खोकला, आणि दुसऱ्या दिवशी आपणहून मला मागितलं. महिनाभरात रोजचंच झालं.

एकदा त्याची आई, मुक्ताबाई, दुपारची भाकरी घेऊन आली. गेणूला बाजूला घेऊन म्हणाली, "गेणूभाऊ, पाया पडते. ह्याच्या मामाचं डोकं असंच ह्याच वयात फिरलं. आमच्या घरात ते हाय. ह्याला ही चिलीम नका देऊ."

"न्हाई देत, वयनी. माझी आण!"

ती रस्त्याच्या वळणावर दिसेनाशी झाली, आणि गेणूनं मला पेटवलं. "घे रं हौश्या. येका झुरक्यानं काय व्हतंय?"

मी विझले का? छे! ऐटीत धुमसले.

पुढं हौशीरामची झोप उडाली. टांगेवाले आपल्याबद्दलच कुजबुजतात, असं त्याला वाटायला लागलं. एक दिवस म्हणाला, "गेणूभाऊ, स्टेशनाची घंटा माझं नाव घेती."

गेणूला हसू आवरेना. त्यानं माझ्या पोटातला, गांजा अडवायचा खडा काढला, टांग्यामागं दडला, आणि माझ्या अरुंद तोंडाला ओठ लावून घोगऱ्या आवाजात बोलला, "हौशीराम... मी चिलीम बोलतीया... घोडी सोड!"

हौशीरामनं खरंच घोडी सोडली. ती भर बाजारात उधळली, भाजीच्या पाट्या उलटल्या. अड्डा हसून लोळला. आवाज गेणूचा होता, पण निघाला माझ्या पोटातून. तेव्हा मला वाटलं, आपण तर देवासारखं बोललो!

दुसऱ्या दिवसापासून हौशीराम एकटाच मान डोलवायला लागला. कोणी विचारलं, तर म्हणे, "चिलीम म्हणाली." अड्ड्यावरच्या लोकांनी अर्थ काढला, ह्याला वारं आलंय, अंगात देव खेळतोय. देवाला गांजा चालतो म्हणून गेणू मला आणखी ठासून भरायला लागला. म्हातारा टांगेवाला फकरुद्दीन तेवढा करवादला, "अरे, वारं कसलं? पोरगं आजारी हाय!"

"चाचा, तुमाला देवाचं काय कळतंय?" गेणू म्हणाला. सगळे हसले. मीही.

आणि मग ती दुपार आली. मुक्ताबाईनं भाकरी पुढं केली. हौशीरामनं ती धुळीत भिरकावली. "हात लावणार न्हाई! चिलीम म्हणती, आईनं यात इख घातलंय."

मुक्ताबाई खालीच बसली. धुळीतली भाकरी उचलून पदरात घेतली.

गेणूचा चेहरा उतरला. धावत येऊन म्हणाला, "हौश्या, आवाज माझा व्हता रं! म्यां चेष्टा केली. ह्ये बघ." त्यानं मला वर धरलं आणि आपलं तोंड घट्ट मिटलं. "आता सांग, बोलती का?"

हौशीराम माझ्याकडं बघत राहिला. मान डोलावली.

"बोलती की. तुमीच गप हाय."

मित्रांनो, त्या वेळी अड्ड्यावर कोणी हसलं नाही.

फकरुद्दीननं आपला टांगा तिथंच सोडला, मायलेकांना स्टेशनात नेलं आणि पुण्याच्या गाडीत स्वतः बरोबर बसला. तिथला डॉक्टर म्हणाला, ज्याच्या रक्ताच्या नात्यात हा आजार आहे, त्याच्या कोवळ्या डोक्याला हा धूर लवकर घात करतो. धूर बंद, झोप, औषध, आणि चेष्टा अजिबात नको.

आठ महिन्यांनी हौशीराम परत आला. वाळलेला, पण आईचा हात धरून. गेणूची मान वर होईना. हौशीरामच म्हणाला, "आता चिलीम कमी बोलती, गेणूभाऊ. तुमीच लय बोलायचा, ते कुटं गेलं?"

गेणू रडला. मला अड्ड्यावरच्या भिंतीतल्या कोनाड्यात पालथं घातलं, ती मी आजही तिथंच आहे.

पोरांनो, तुमचा सोबती म्हणाला, मला कोणी हाक मारतंय, तर त्याला हसू नका, देवही करू नका. शहाण्या मोठ्या माणसाला सांगा. आणि त्याच्या हातात माझ्यासारखी वस्तू कधी देऊ नका.

हौशीराम अजून अधूनमधून अड्ड्यावर येतो. त्याची माफी मागावी, असं फार वाटतं. पण मी तोंड उघडलं, तर त्याला परत तोच आवाज ऐकू येईल. म्हणून तो आला, की मी गप्प बसते. एवढीच माझी माफी.