नळीतला उजेड

मित्रांनो, मी पाच लिटरचा, एका कानाने मोडका, बुडाशी काळवंडलेला कुकर आहे, आणि मला तुमच्याशी गोड बोलायचं नाही. देऊळघाटच्या ज्या घरात मी अकरा वर्षं डाळ शिजवतो आहे, तिथे माझ्यावरून दोन जावा वैरिणी झाल्या, आणि त्या वैरापायी माझ्या हातून एका लेकराचा जीव जाणार होता. ते ऐका. मग शिव्या कुणाला द्यायच्या ते तुम्हीच ठरवा.

मी जन्मलो तेव्हा आरशासारखा होतो. कारखान्यात एका चकतीला दाबून दाबून माझं पोट काढलं आणि मला नांदुऱ्याला, स्टेशनाजवळच्या भांड्यांच्या दुकानात आणून ठेवलं. तिथून रेणुकाच्या आईने मला लेकीच्या आंदणात दिलं. रिकामं भांडं देऊ नये म्हणून पोटात तांदूळ भरले. शिट्टी जिच्यावर बसते ती बारीक नळी तिने दाराच्या उजेडाकडे धरली आणि लेकीला म्हणाली, "रोज अशी आरपार पाहजो, पोरी. उजेड दिसला तरच चढवजो."

रेणुकाने ते व्रतासारखं पाळलं. सासू बनाबाई आधी मला भ्यायची, पहिली शिट्टी ऐकून अंगणात पळाली होती. पुढे तीच चारचौघींत सांगू लागली की आमच्या सुनेचा कुकर म्हणजे घरातला कोकीळ. ते दिवस मी विसरलो नाही. म्हणून तर राग येतो.

चार वर्षांपूर्वी धाकटी सून आली, प्राची. पहिल्याच आठवड्यात तिने वाफ जिरायच्या आत माझं झाकण ओढलं आणि वरण भिंतीवर गेलं. नशीब, तोंडावर नाही गेलं. रेणुकाने पाहुण्या बायकांसमोर विचारलं की माहेरी चूल पाहिली होती की नुसतं ताटच. प्राची उत्तरली की जाऊबाईंचा कुकरच भंगारातला आहे. झालं. त्या दिवसापासून दोघींचा अबोला.

स्वयंपाकाचे वार वाटून घेतले. एकीला दुसरीशी काम पडलं, की मध्ये रेणुकाची सात वर्षांची पायल. "पायल, तुह्या काकूले सांग, मीठ सरलं." काकू दोन हातांवर उभी असायची. पोर बिचारी तोंड वळवून तेच वाक्य पुन्हा म्हणायची. बनाबाई जात्यावरची जुनी माणूस, तिने या दोघींवर ओवीच रचली होती:

एका चुलीवरी दोघी जावांचा सैपाक
एकीनं फुंकला जाळ, दुसरीच्या डोळा राख

आणि राख माझ्या डोळ्यात गेली, मित्रांनो. प्राचीचं म्हणणं, जिचा कुकर तिने घासावा. रेणुकाचं म्हणणं, जिने शिजवलं तिने घासावा. आपापलं म्हणणं खरं ठरवण्याच्या नादात माझी नळी कुणीच पाहिनाशी झाली. डाळीचा फेस आत वाळत गेला, थरावर थर.

त्यातच रेणुका एकदा माझ्यात पाणी घालायलाच विसरली. मी कोरडा तापलो. झाकणावर सेफ्टी वॉल असतो. नळी बुजली किंवा मी जास्त तापलो, तर आतली वाफ त्यातून निसटते आणि घर वाचतं. तो त्या दिवशी वितळला, त्याचं काम त्याने केलं. आठ दिवसांनी कुकर दुरुस्त करणारा गजेंद्र सायकलवरून गावात येणारच होता. पण त्याच्यासमोर मला काढलं असतं, तर धाकटी म्हणाली असती, बघा, भंगार. म्हणून रेणुकाने गळक्या नळाला लावतात ती पुट्टी त्या भोकात कोंबली, वरून अंगठ्याने चापून बसवली, आणि कुणालाच काही सांगितलं नाही.

आता माझ्या झाकणाला पळवाट उरली नव्हती.

एका बुधवारी प्राचीचे वडील सोनाळ्याहून आले. वार प्राचीचा. बापाला वरण कमी पडू नये म्हणून तिने अर्ध्याच्या वर, थेट गळ्यापर्यंत तुरीची डाळ भरली. डाळ अर्ध्याच्या वर भरू नये, हे तिला सांगणारी बाई अंगणात तांदूळ निवडत बसली होती, तोंड शिवून. माझ्याजवळ जमिनीवर पायल पाढे लिहीत होती.

मी तापलो. फेस नळीत चढला आणि वाळल्या थराला जाऊन चिकटला. शिट्टी होईना. बाया भांडत असल्या तरी कान एकमेकींच्या कुकरकडेच असतात, मित्रांनो. पाव तास झाला तरी शिट्टी नाही, हे अंगणातल्या रेणुकाला कळलं. सुपातले हात थांबले. मी दारातून तिच्याकडे पाहत होतो. बोलली असती तर पुट्टीचं पाप उघडं पडणार होतं, तेही धाकटीच्या बापासमोर. आणि पहिला शब्द तिचा ठरणार होता. ती बसून राहिली. किती वेळ? मला विचाराल तर फार वेळ. त्या वेळाची मी तिला अजून माफी दिलेली नाही.

प्राचीने शिट्टी उचलायला चमचा पुढे केला.

तेव्हा सूप सांडलं. रेणुका दारात उभी होती. "प्राची, हात नको लावू. वॉल मी पुट्टीनं बुजवला हाय."

तिने सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, पायलला दंडाला धरून ओढलं, आणि सगळे अंगणात गेले. मी एकटाच आत कण्हत राहिलो. अर्धा तास कुणी उंबरा ओलांडला नाही. मी थंड झालो. फुटलो नाही.

बाहेर प्राचीने थेट तिलाच विचारलं, "काऊन नाही सांगतलं, जाऊबाई?"

"तू बोलत होती का माह्याशी?"

बनाबाईने पायलला मांडीवर घेतलं होतं. ती म्हणाली, "दोघीच्या दोघी खऱ्या हा तुमी. माही नात तेवढी खोटी पडली असती."



गजेंद्रने पुट्टी खरवडून काढली, नवा वॉल बसवला, सैल झालेलं रबर बदललं, नळीत तार घातली. दोघी गळ्यात गळे घालून रडल्या, असं तुम्हाला वाटत असेल. नाही रडल्या. आजही त्या भांडतात. पण रोज सकाळी प्राची माझी नळी दाराच्या उजेडाकडे धरून पाहते, आणि मग रेणुका झाकण तिच्या हातातून जवळजवळ हिसकावून पुन्हा पाहते. एकीचा दुसरीवर भरवसा नाही. त्या बेभरवशावर मी जगतो आहे, आणि पायलचे पाढे तेवीसपर्यंत गेले आहेत.

मित्रांनो, माझ्यावर माया करू नका. मला घासा, माझं रबर चिरलं की बदला, डाळ अर्ध्यापर्यंतच भरा, नळीत उजेड पाहा. आणि चूक झालीच, तर माझं झाकण उघडायची घाई करू नका. स्वतःचं तोंड उघडायला मात्र उशीर लावू नका.