डब्यातले मासे

सून बाळंतपणाला माहेरी गेली आणि पाच वर्षांची गंगू सहदेवच्या मानगुटीवर बसली. अंधार पडला की पोरगी आजोबाचा हात घट्ट धरायची, तो झोप लागेपर्यंत सोडायची नाही. आजी नको, गोष्ट नको, आजोच हवा. इकडे जेवणं आटोपली की जाळी टाकायला होडी निघायची, ती आता त्याच्याविना निघायला लागली होती. असंच चाललं तर मी दुसरा गडी बघतो, असं होडी हाकणाऱ्या धोंडू तांडेलाने परवा तोंडावर सांगितलं.

गावात विजेचे खांब येऊन पडले होते, वीज यायची होती. रॉकेलची चिमणी उशाशी ठेवून पाहिली, पण पोरगी तिला भीक घालीना. मग सहदेव हट्टाला पेटला. पोरीला रमवील असा दिवाच करायचा! भोकं पाडलेली करवंटी चिमणीवर पालथी घातली, तर ती करपली आणि घरभर धूर झाला. मग दुधाच्या पावडरीच्या डब्याचा तळ कापून, खिळा ठोकठोकून त्यावर कुर्ली काढली, नांग्यांसकट. ती भिंतीवर एवढी थोरली पडली की पोरीने किंकाळी फोडली. दुसऱ्या डब्यावर सरंगा काढला. गंगू म्हणाली, ही चप्पल आसा. सगळा जन्म मासे पकडण्यात घालवलेल्या माणसाने हे ऐकून घ्यायचं! वर बोट ठेचलं ते वेगळंच.

एवढ्या वेळात नवी होडी बांधून झाली असती, असं त्याची बायको यमुनाबाई चुलीपुढून म्हणाली. सहदेवने हातोडी अंगणात भिरकावली आणि थोड्या वेळाने मुकाट्याने शोधून आणली.

तिसऱ्या डब्यावर त्याने बारीक बारीक मासे पाडले आणि जाळ्याच्या सुताला पीळ देऊन तो चिमणीवर टांगला. पीळ सुटू लागला, डबा फिरला आणि मासे भिंतीवर पोहत निघाले. गंगू अंथरुणात उठून बसली. सहदेवने नेहमीसारखं तिच्याजवळ टेकून हात पुढे केला.

"आजो, तू वायच सर," ती म्हणाली. "माशांवर तुझी सावली पडता."

तो सरकला. आणखी सर, आणखी सर करता करता उंबऱ्यापर्यंत पोचला.

"आता जा," यमुनाबाई म्हणाली. "धोंडू वाट बघता."

एवढ्याचसाठी तर सारा खटाटोप होता. तरी अंगणात आल्यावर त्याला भयंकर राग आला, डब्याचा, माशांचा, स्वतःच्या हुशारीचा. तो मुद्दाम खाकरला. वल्हं उगाच दारावर आपटलं. आत गंगू खुदकन हसली, पण ते माशांना. खाली किनाऱ्यावरून धोंडू हाका मारीत होता. पोरगी एकदा तरी रडेल म्हणून सहदेव आणखी थोडा वेळ तिथेच उभा राहिला.