आडवा पडलेला देवदूत

गुरुवारी सकाळी आठच्या आत बान्तामाच्या कोपऱ्यावर पोचलं नाही, तर ब्रदर ओफोसूकडे नंबर लागायचा नाही. स्टुडिओचं दार उघडायच्या आधीच रांग वळण घेऊन केंके, म्हणजे पानात बांधलेले मक्याचे उंडे, विकणारीच्या चुलीपर्यंत गेलेली असे. नवरा-नवरी पुढे, त्यांच्या मागे दोन्हीकडच्या आया, मावश्या, मामा. कुणी उपास धरलेला, कुणी नवं कापड नेसून आलेलं. लग्नाचे फोटो काढायला माणूस ठरवायचा, एवढंच खरं तर काम. पण कुमासीत त्या वर्षी कुणी साधा फोटोवाला ठरवायलाच तयार नव्हतं, कारण ब्रदर ओफोसूच्या कॅमेऱ्यात देवदूत दिसत होते.

दारावर भलामोठा टीव्ही टांगलेला. आत बटण दाबलं की बाहेर चित्र. जोडप्याच्या डोक्यावर पांढरा धुरकट उजेड उतरलेला दिसला की रांग 'हालेलुया' म्हणून गर्जायची आणि केंकेवालीसुद्धा हातातलं पान टाकून हात वर करायची.

"मी कोण?" ब्रदर ओफोसू पांढरा कोट झटकत विचारायचा. "मी कुणी नाही! मी नुसतं बटण दाबणारं बोट! बाकीचे फोटोवाले तुमचं तोंड काढतात. मी तुमचं नशीब काढतो!"

नशीब काढताना दर वेळी उजेडच निघे असं नाही. कधी एखाद्याच्या खांद्यावर काळी सावली उमटे. मग ब्रदर डोळे मिटून मान हलवायचा, रांग चुकचुकायची आणि पैसे मोजून सात दिवसांची 'सावली-उतरणी' ठरायची. सावली उतरली की लग्नाचे, बारशाचे, पुढच्या सगळ्या कार्यांचे फोटो अर्थातच त्याच्याकडून.

अब्रेफी हाताची घडी घालून हे सगळं बघत होती. मिशनच्या इस्पितळात ती बावीस वर्षं एक्स-रे काढत होती. 'श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा' म्हणत तिने अर्ध्या शहराची छाती बघितली होती, आणि आजवर एकीतही देवदूत सापडला नव्हता. ती आली होती भाचीसाठी. बहिणीच्या मुलीचं, कोनादूचं, लग्न ठरलं होतं. नवरा मुलगा अंत्वी भाड्याच्या व्हॅनच्या पाठीवर म्हणी रंगवायचा. हात देखणा, बोलणं कमी. अंत्वीच्या घरच्यांनी दार ठोठावायला, म्हणजे मागणी घालायला, आणलेल्या दारूच्या दोन बाटल्या कोनादूच्या मामांच्या कपाटात ठेवल्या होत्या. त्या कपाटात आहेत तोवर सोयरीक पक्की, परत गेल्या की मोडली. आणि आमच्यात मुलीच्या बाबतीत बाप बोलतो, पण ठरवतो मामाच.

हे अग्येमान मामा म्हणजे अब्रेफीचे थोरले भाऊ. ते मोटारीतून उतरले तेव्हा ब्रदर ओफोसूने दाराच्या फटीतून पाहिलंच असणार. मोटारवाल्यांच्या वाट्याला देवदूत फारसा येत नसे.

"नवरी इकडे. नवरदेव, तुम्ही या अंगाला. थोडं अजून. हां, हलू नका!"

बटण दाबलं. टीव्हीवर कोनादू छान हसत होती आणि अंत्वीच्या डाव्या खांद्यावर काळा ढग बसला होता.

रांग चुकचुकली. ब्रदरने कपाळाला हात लावला. "मामासाहेब, घाबरू नका. सात दिवस—"

"काही सात दिवस नकोत," अग्येमान मामा म्हणाले. "सावली पुसता येते, रक्त पुसता येत नाही. मुलाच्या रक्तातच काहीतरी आहे."

ब्रदर गडबडला. असं गिऱ्हाईक त्याला कधी भेटलं नव्हतं. "अहो, पण उतरते ना! खात्रीने उतरते! परवाच एका बँकवाल्याची उतरवली!"

"पुढच्या गुरुवारी मी स्वतः बाटल्या परत करून येईन," मामा म्हणाले आणि मोटारीत जाऊन बसले. ब्रदरने वाजवलेली धोक्याची घंटा मामांनी त्याच्याहून जास्त मनावर घेतली होती.

घरी बहीण रडत बसली. कोनादू रडली नाही, तिला राग आला होता. "मावशी, त्या खांद्यावर मी चार वर्षं डोकं टेकतेय. तिथे काही असतं तर मला नसतं का दिसलं?"

"मग मामाला सांग तसं."

"सांगितलं. तर म्हणाले, प्रेमात माणूस आंधळा होतो, कॅमेरा नाही होत."

पण अब्रेफीला खरं वाईट वाटलं ते दोन दिवसांनी अंत्वीला पाहून. एका व्हॅनच्या पाठीवर तो 'धीर धर, दिवस येतील' असं रंगवत होता आणि दर दोन अक्षरांनंतर त्याचा उजवा हात डाव्या खांद्यावर जात होता, धूळ झटकावी तसा.

"तूसुद्धा?" अब्रेफीने विचारलं.

"मावशी, माझा बाप बेचाळिसाव्या वर्षी गेला," तो खाली बघत म्हणाला. "त्यांचं खरं असलं तर? कोनादूला माझ्यापायी लग्नाचं पांढरं नेसायचं सोडून सुतकाचं काळं नेसावं लागलं तर? त्यापेक्षा मीच मागे सरतो."

चोराने एक फोटो विकायला थाप मारली आणि एका धडधाकट पोराने त्या थापेवर मरायची तयारी सुरू केली, याचा अब्रेफीला संताप आला.

सोमवारी इस्पितळात एका म्हाताऱ्याच्या छातीचा फोटो निघाला. उजव्या फुप्फुसावर मुगाएवढा ठिपका. मागून एक शिक्षिका आली, तिलाही ठिपका. तिसरा एक धट्टाकट्टा हमाल, त्यालाही. नवा डॉक्टर घाईघाईने गोळ्या लिहायला बसला.

"थांबा हो, डॉक्टर," अब्रेफी म्हणाली. "तिघांना एकच आजार, तोही एकाच जागी, तोही मोजून एकाच मापाचा? माणसं आजारी नाहीत. आपली कॅसेट घाण झालीय."

ज्या पेटीत फिल्म ठेवतात ती कॅसेट तिने उघडली. आत कसलातरी कण चिकटला होता. तिने तो पुसला, आणि फडकं हातात तसंच धरून उभी राहिली.

दुपारपर्यंत तिने इस्पितळभर फिरून फोटो जमवले. ब्रदर ओफोसूकडे कोण गेलं नव्हतं! दोन नर्सेस, रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर, खानावळीतल्या बाईची लेक. पाच सावल्या मिळाल्या आणि चार देवदूत. एक्स-रे बघायच्या उजेडाच्या पेटीवर तिने पाचही सावल्या एकावर एक ठेवल्या. पाच जोडपी एकमेकांत मिसळून गेली, पण सावली काही मिसळली नाही. ती एकच राहिली, फक्त जास्त काळी झाली. देवदूतांचंही तेच. आणि सगळे फोटो आडवे होते. त्यात एकही उभा नव्हता.

"एवढा मोठा फोटोवाला," ती स्वतःशीच म्हणाली, "आणि कॅमेरा उभा धरत नाही? का बरं?"

गुरुवारी मामा बाटल्या घेऊन निघाले तेव्हा अब्रेफी मोटारीत आधीच बसलेली होती. "दादा, वाटेत बान्तामाला थांबू. एवढे मोठे तुम्ही, घरचे कर्ते, तुमचा एकही फोटो देवदूतासोबत नाही. बरं दिसतं का?"

मामांनी टोपी सारखी केली. हरभऱ्याच्या झाडावर चढायला त्यांना शिडी लागत नसे.

ब्रदर ओफोसूला तर मेजवानीच चालून आली. त्याने मामांना खुर्चीवर बसवलं, पाठ फिरवून कॅमेऱ्याशी काहीतरी खुडबुड केली आणि बटण दाबलं. टीव्हीवर मामांच्या टोपीवर पांढरा उजेड उतरला. रांगेने गजर केला.

"वा!" अब्रेफी म्हणाली. "आता एक उभा काढा."

"उभा?" ब्रदरचं हसू आखडलं. "बाई, देवदूताला वाकडं करता येत नाही. अपमान होतो."

"त्याला कुठे करायचंय? कॅमेऱ्याला करा."

"तुमची श्रद्धा कमी पडतेय!"

"असेल. हात मात्र कमी पडत नाहीत." बावीस वर्षं एक्स-रेचं जड यंत्र फिरवणाऱ्या बाईला कॅमेऱ्याचा स्टँड म्हणजे काहीच नव्हतं. तिने खिटी सैल केली, कॅमेरा कुशीवर वळवला आणि ब्रदर पुढे यायच्या आत बटण दाबलं.

टीव्हीवर मामा उभ्या चौकटीत ताठ बसले होते. टोपीवर काही नव्हतं. देवदूत त्यांच्या कानाजवळ आडवा पडला होता.

केंकेवाली ओरडली, "अगं बाई, देवदूताला झोप लागली!"

"ते... ते मामासाहेबांच्या कानात आशीर्वाद सांगतायत!" ब्रदर म्हणाला.

"हो का? दादा, उठा जरा. बघू खुर्चीला काय सांगतात."

रिकाम्या प्लास्टिकच्या खुर्चीशेजारीही देवदूत आडवाच होता. तिने कॅमेरा पुन्हा सरळ केला, तर तो खुर्चीच्या डोक्यावर जाऊन बसला. आता रांग हसायला लागली. "खुर्चीचं लग्न कधी?" "मुलगी कोण, ते टेबल का?"

अब्रेफीने कॅमेऱ्याच्या तोंडावरची गोल काच फिरवून काढली. वरच्या कडेला बोटाने ओढलेला तेलकट पट्टा होता. तिने वास घेतला. "शियाच्या बियांचं लोणी. हेच मी टाचांना लावते. माझ्या टाचाही पवित्र झाल्या असतील आता." मग तिने ब्रदरच्या कोटाच्या फुगलेल्या खिशाकडे हात पुढे केला. "दुसरी काच द्या."

रांगेतले दोन हमाल पुढे सरकले, तेव्हा त्याने दिली. तिच्यावर एका बाजूला काजळीचा बोटभर डाग होता.

अग्येमान मामांनी घसा खाकरला. सहजासहजी हरणारा माणूस नव्हे तो. "देवदूत लोण्याचा निघाला, मान्य. पण सावली? ती त्या मुलाच्याच खांद्यावर का पडली?"

"कारण ब्रदरने त्याला तिथे उभं केलं होतं." तिने काजळीची काच कॅमेऱ्याला बसवली. "तुम्हीच उभे राहा ना, दादा. अंत्वी होता तिथे. थोडं अजून. हां, हलू नका."

बटण दाबलं. टीव्हीवर अग्येमान मामा, आणि त्यांच्या डाव्या खांद्यावर तोच काळा ढग.

या वेळी कुणी हसलं नाही. मामांचा उजवा हात आपसूक खांद्याकडे गेला आणि धूळ झटकावी तसं त्यांनी झटकलं. आठवडाभर अंत्वी झटकत होता तसंच.

"काही लागलं का हाताला?" अब्रेफीने विचारलं. तिचा आवाज आता चढला होता. "आता सांगा, आपल्या रक्तात काय आहे? तुमचं माझं रक्त एकच आहे, मलाही कळू दे. दादा, लग्नात मुलीला तुम्ही तीनदा विचारता, 'या बाटल्या घेऊ का?' एकदा 'हो' म्हटलेलं पुरत नाही. आणि या काचेला? हिला एकदाही नाही विचारलंत. तिच्या एका शब्दावर पोराला मारून मोकळे झालात!"

"श्रद्धेची परीक्षा घेऊ नये, बाई," मागच्या दाराकडे सरकत ब्रदर पुटपुटला.

"श्रद्धेची कुणी घेतली? काचेची घेतली. श्रद्धा तुमची तुमच्याकडे ठेवा, आणि जमलं तर काच पुसत जा."

रांग मोडली. सगळीच शहाणी झाली असं मात्र समजू नये. जाता जाता एक बाई दुसरीला सांगत होती, "काही म्हण, आमच्या बहिणीचा देवदूत मात्र खरा होता हं!" पुढच्या गुरुवारी ती आणखी कुणाच्या दारात उभी असेल, देव जाणे.

बाटल्या मोटारीतून उतरल्याच नाहीत. मामा घरी आले, त्यांनी त्या कपाटात जागच्या जागी ठेवल्या आणि अंत्वीला बोलावणं धाडलं. माफी मागणं त्यांना येत नव्हतं. त्यांनी त्याला जेवायला बसवलं आणि मासा स्वतःच्या वाडग्यातून त्याच्या वाडग्यात घातला. अंत्वीला ते समजलं.

फोटोला तिवा नावाची बाई ठरली. तिने भिंतीवरचे निवडक फोटो दाखवलेच नाहीत. एका लग्नाचे सगळे, पहिल्यापासून शेवटपर्यंत पुढ्यात टाकले. "यात मिटलेले डोळेही आहेत, आधीच सांगते," ती म्हणाली. अब्रेफीने बघितलं, काळी कातडी काळीच होती, राखाडी नव्हती. पांढऱ्या लेसचे दोरेही मोजता येत होते. तिने तिथेच होकार दिला.

शनिवारी भरल्या अंगणात मामांनी कोनादूला विचारलं, या बाटल्या घेऊ का. तिने तीनदा 'घ्या' म्हटलं, तिसऱ्यांदा जरा मोठ्यानेच.

महिन्याभराने तिवा चौकटीत घातलेला फोटो घरी घेऊन आली. कोनादू अंत्वीला रेलून हसत होती. अग्येमान मामांनी फोटो हातात घेतला आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. अंत्वीच्या खांद्यावर काळी सावली होती.

सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. मामांनी खिशातून रुमाल काढला आणि चौकटीची काच पुसली. सावली तिथेच होती.

"अब्रेफी, ही काय?"

"कोनादूच्या डोक्याची सावली. ऊन मागच्या बाजूने होतं."

मामांनी मान डोलावली. मग तिवाकडे वळून तेच विचारलं. तिवाही म्हणाली, ऊन मागून होतं. मग त्यांनी खुद्द कोनादूला विचारलं.

"माझंच डोकं आहे, मामा," ती म्हणाली. "म्हटलं नव्हतं का, मी तिथेच टेकते म्हणून?"

तीनदा विचारून झालं. तेव्हा कुठे अग्येमान मामांनी हातोडी मागितली आणि फोटो स्वतःच्या हाताने भिंतीवर लावला.